पिवळी टोकं

३ फेब्रुवारी

चार फ्लास्क आणि उत्तरं दोन! दोहोंत २.९, दोहोंत १.९. प्रथिनाच्या एका रेणूत साखळ्या किती, एवढंच तर शोधायचंय. प्रत्येक साखळीचं एक टोक मोकळं असतं. त्याला पिवळा रंग चिकटवायचा, आम्लात उकळून साखळी तोडायची, सुटलेली पिवळी टोकं मोजायची. जितकी टोकं तितक्या साखळ्या.

सर म्हणाले, "दोनच असणार. हे तीन कुठून आले?"

मी पटकन बोलून गेले— "भांडी नीट धुतली नसतील."

भांडी धुणारे काका तिथेच होते, हातात ब्रश. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा ब्रश फिरवायला लागले.

४ फेब्रुवारी

काकांना गोदामात खोकी उचलायला पाठवलं. या वयात! माझ्या जिभेला हाड म्हणून नाही.

९ फेब्रुवारी

इथे तरी खरं लिहिते.

फ्लास्क उकळायच्या दिवशी भाचीचं शाळेत नाटक होतं. "मावशी, तू पहिल्या रांगेत बस हं!" दोन फ्लास्क आठ तासांनी आपोआप बंद होणाऱ्या शेगडीवर होते, त्यांची काळजी नव्हती. उरलेले दोन नऊला चढवले नि एकलाच उतरवून पळाले. वहीत मात्र चारही फ्लास्कांपुढे ठोकून दिलं— आठ तास. म्हटलं, चार काय नि आठ काय, साखळी तुटली की झालं. आणि आकडे जुळेनात तेव्हा खापर काकांवर.

लाज वाटते. जेवण जात नाही.

१२ फेब्रुवारी

तयार मिळणारं पिवळं टोक नुसतंच आम्लात उकळून पाहिलं. चार तासांनी जवळपास सगळं शाबूत. आठ तासांनी तिसरा हिस्सा गायब!

म्हणजे जास्त उकळलं की टोकंच नष्ट होतात. तीनच खरे. माझे घाईचे फ्लास्क खरे बोलत होते, नि काकांची भांडी लख्ख होती.

१३ फेब्रुवारी

जिन्यात काका भेटले. कंबर धरून चढत होते. "बाई, भाचीचं नाटक कसं झालं?"

"छान," म्हटलं नि सटकले. भित्री कुठली!

१६ फेब्रुवारी

सांगितलं एकदाचं. तास, नाटक, काका— सगळं. सरांनी वही उघडून तास पाहिले. मग म्हणाले, "काकांना आजच वर बोलावतो. त्यांची माफी तू मागायचीस, सगळ्यांसमोर. वही ठेवून जा."

१७ फेब्रुवारी

सरांनी वही परत दिली. वर एक चिठ्ठी. वहीच्या मागच्या खिशात सापडली म्हणाले. तिथे मी कधी हातच घातला नव्हता.

काकांचं अक्षर. तारीख २ फेब्रुवारी— मी त्यांच्यावर ढकललं त्याच्या आदल्या दिवसाची.

"बाई, दोन फ्लास्क तुम्ही एकलाच उतरवले. वहीत आठ तास पडलेत. घाईत झालं असेल, दुरुस्त करून घ्या. मी कुणाला बोलणार नाही."