रुचाची उजवी बाजू

आवडी, चेन्नई
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

चि. उन्मेष यास आईचे अनेक आशीर्वाद.

एकाच शहरात राहून आई पत्र लिहिते म्हणून तू हसशील. पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कुरिअरने पाठवते आहे, शनिवारपर्यंत शोळिंगनल्लूरला मिळेल. शेवटपर्यंत वाच.

माझा डोळा बरा आहे. मोतीबिंदू काढल्यापासून समोरच्या इमारतीच्या भिंतीवरचे सगळे डाग दिसायला लागलेत. रुचा वेळेवर थेंब घालते. तिचं ऑफिस ती लॅपटॉपवर इथूनच करते आणि दुपारी मला रसम-भात वाढते. शेजारच्या सेल्वींनी शेवग्याच्या शेंगा दिल्या होत्या, त्यांची तिने आमटी केली. चांगली झाली होती.

रविवारी तिला न्यायला येतो, असं तू कळवलंस. त्याबद्दलच लिहायला बसले आहे. पण आधी नेमबाजीच्या रेंजवरचं सांगते.

फॅक्टरीतून निवृत्त झाले तरी नवशिक्यांची सकाळची बॅच मी सोडलेली नाही. रुचा दिवसभर लॅपटॉपसमोर बसून असते म्हणून सकाळी तिलाही सोबत नेऊ लागले. सगळ्यांना सांगते तेच तिला सांगितलं. वाईट सवय पहिल्याच आठवड्यात मोडायची, नाहीतर हाताला तीच बरोबर वाटायला लागते. ट्रिगर ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा. छर्रा सुटला तरी रायफल क्षणभर तशीच धरायची, कुठे लागला ते बघायला लगेच मान उचलायची नाही. पोरगी हुशार. उभं राहणं जमलं, श्वास धरणंही जमलं. एक गोष्ट मात्र जमेना. ट्रिगर दाबायच्या ऐन वेळी ती डोळे मिटायची आणि उजवा खांदा कानापर्यंत चढवायची. छर्रे भलतीकडे जायचे, आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, "सॉरी आई."

मोठ्या रायफलचा धक्का बसतो, म्हणून नवखा माणूस आधीच अंग चोरतो. ते मी आयुष्यभर पाहिलंय. पण एअर रायफलला धक्का कुठला? मला वाटलं, आवाजाला दचकत असेल. कानात बोळे घालायला दिले. टार्गेट काढून कोरा कागद लावला. मग तिला न सांगता छर्राच घातला नाही, रिकामी रायफल हातात दिली. तरी तेच. शेवटी मी म्हटलं, "अगं, ती काही करत नाही तुला."

"माहितीये आई. मी शिकेन. रागावू नका."

मी रागावलेच नव्हते रे.

ताकाला जाऊन भांडं लपवते आहे मी, हे एव्हाना तुला कळलं असेल. बरं, सांगते.

शिकवताना मी नेहमी उजव्या बाजूला, जराशी मागे उभी राहते आणि कोपर सावरायला हात पुढे नेते. सोमवारी त्या बाजूने ऊन डोळ्यावर येत होतं, म्हणून तिच्या डावीकडे गेले. डावीकडून कोपराला हात लावला, मान सरळ केली. ती हललीसुद्धा नाही. मग जे छर्रे मारले, ते एका नाण्याखाली झाकले जातील इतके जवळजवळ लागले. मी पुन्हा उजवीकडे आले आणि नुसता हात वर केला. तिने डोळे मिटले.

तिला भीती उजवीकडून येणाऱ्या हाताची होती.

बहुतेकांची थप्पड समोरच्याच्या डाव्या गालावर बसते. तू डावखुरा. शाळेत बाई तुझ्या डाव्या हातावर पट्टी मारायच्या, तेव्हा मी जाऊन भांडले होते. रायफलही तुला डाव्याच खांद्याला लावू दिली. ज्या हातासाठी भांडले तो कुठे पडतो, हे मला सुनेच्या खांद्यावरून कळलं.

घरी आल्यावर तिला विचारलं, "उन्मेष मारतो का तुला?"

"कामाचं टेन्शन असतं आई त्याला. सॉफ्टवेअरचं रिलीज जवळ आलं की..." एवढं बोलून ती रडायला लागली. माझ्यापुढेसुद्धा तिला तुझी अब्रू राखायची होती. मग बाकीचं सांगितलं. ते इथे लिहीत नाही, तुला ते माहीतच आहे.

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तुझ्यावर आम्ही दोघांनी कधी बोट उगारलं नाही. मग ही सवय कुठून लागली, याचा विचार करून थकले. आता तो तू कर. मला तुझी लाज वाटते, उन्मेष. आणि काळजीही वाटते, कारण तू माझा मुलगा आहेस.

रुचा रविवारी तुझ्याबरोबर येणार नाही. हे तिने ठरवलं आहे. पत्र तिला वाचून दाखवूनच पाठवते आहे. पुढचंही तीच ठरवेल. पोलिसांत जायचं म्हणाली, तर मी सोबत जाईन. तू आलास तर दार मी उघडेन, आणि तुला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवीन.

रेंजवरचा पहिला नियम तू लहानपणीच पाठ केला होतास. कोणीही, अगदी आज आलेला नवशिकाही, 'स्टॉप' म्हणाला की सगळ्यांनी ट्रिगरवरचं बोट काढायचं, रायफल खाली ठेवायची आणि मागे व्हायचं. का म्हणाला, ते नंतर विचारायचं. एकदा टार्गेटांपाशी मांजराचं पिल्लू आलं, तेव्हा तूच ओरडला होतास. मोठमोठ्या माणसांनी तुझ्या शब्दावर रायफली खाली ठेवल्या होत्या. घरी येऊन तू बाबांना ते पुन्हा पुन्हा सांगत होतास.

तुझ्या घरात रुचा 'थांब' म्हणाली होती. एकदा नाही. तू थांबला नाहीस.

आता मी म्हणते आहे. स्टॉप, उन्मेष. मागे हो.

पत्राच्या शेवटी पुन्हा आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज हात होत नाही. वर लिहिलेत तेवढे राहू देत.

तुझी, आणि रुचाचीही,
आई