पिठावरचा हात

भवानी पेठ, सोलापूर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सिद्धू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तू बरा असशील, वर्कशॉपचं काम अंगवळणी पडलं असेल आणि काकूच्या हातचं खाऊन पोट सुटलं नसेल, असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. अव्वाचा गुडघा दुखतो, पण आपली आई ती, दुखतो म्हणत नाही, ‘बोलतोय’ म्हणते. थंडी सुरू झाल्यापासून तो जरा जास्तच बोलायला लागलाय.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर तू दोनदा ‘हं’ म्हणतोस आणि ठेवतोस. पत्र तसं अर्ध्यात ठेवता येत नाही, म्हणून लिहायला बसले. आणि पत्र जरा तोऱ्यात वाटलं तर खपवून घे. तो तोरा आम्ही दोघींनी स्वतः मिळवलाय.

आधी आमच्या बातम्या. कडक भाकरीच्या कामावर आता अकरा बायका आहेत. शेजारची फुलाबाई सगळ्यांची मुकादम, आणि ती माझ्यावरही ओरडते. दिवाळीत पुण्याच्या दोन दुकानांना माल पुरला नाही. मागच्या महिन्यात एकजण भाकरी थापायचं मशीन दाखवायला आला होता. अव्वानं त्याला चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मशीन चांगलं हाय की. पण भाकरीवर बोटं दिसाय पायजेत.” तो बिचारा मशीन घेऊन गेला.

आमच्या पाकिटावर लाल पंजा आहे, तू पाहिला असशील. गेल्या निवडणुकीत कुणी साहेब तपासायला आले, म्हणाले, हा कुठल्या पक्षाचा प्रचार? अव्वानं माझा हात धरला आणि त्यांच्या नाकासमोर नेला. “ह्या पक्षाचा,” म्हणाली. साहेब हसले आणि चार पाकिटं विकत घेऊन गेले. तो छाप माझ्या उजव्या हाताचा आहे. त्याच्याबद्दल पुढे लिहायचं आहे, पण अजून धीर होत नाही.

आता तुझं पत्र. अप्पांची शिक्षा संपत आली, सुटकेआधी घरच्यांचं म्हणणं विचारतात, काका त्यांना कुर्डुवाडीत ठेवायला तयार नाहीत, त्यांना साखरेचा आजार आहे, डोळ्यांना कमी दिसतं. तेव्हा ‘आम्ही त्यांना भवानी पेठेतल्या घरी ठेवून घेऊ’ असं अव्वानं लिहून द्यावं. तू फार सभ्यपणे लिहिलंस. अक्षरही चांगलं झालंय तुझं. मी ते पत्र अव्वाला दोनदा वाचून दाखवलं.

तू त्याला ‘ते’ लिहितोस. मी ‘तो’ लिहिणार आहे. तू चार वर्षांचा होतास तेव्हा काका तुला घेऊन गेले. तुझ्या वाट्याला काकांनी सांगितलेले अप्पा आले, माझ्या वाट्याला खरा आला. आपली थोरली रुद्राणी अक्का जिन्यावरून पाय घसरून पडली आणि मी कोर्टात कुणाच्या तरी शिकवण्यावरून बापाविरुद्ध बोलले, असंच तुला सांगितलंय ना? एवढी वर्षं मी ते खोडून काढलं नाही. तुला निदान एक बाप असू दे, असं वाटायचं. ती माझी चूक झाली.

तर ऐक.

तो मागावर जॉबर होता, बिघडलेले माग जुळवून द्यायचा, हे तुला माहीत आहे. कारखान्यात सगळ्यांना हवाहवासा. घरी मात्र सकाळी अव्वानं मोजून भाकरी केल्या की तो ज्वारीच्या पिठाचा डबा ओढायचा, पीठ सपाट करायचा आणि त्यावर आपला उजवा पंजा दाबायचा. संध्याकाळी आल्यावर चप्पल काढायच्या आधी डबा उघडून बघायचा. पंजा तसाच असला तर ठीक. नसला तर आधी अव्वा, मग अक्का, मग मी, या क्रमानं. दाराची कडी बाहेरून लावून जायचा. अव्वानं सात वर्षांत गड्ड्याची जत्रा बघितली नव्हती, आणि आपलं घर तिथून किती लांब आहे ते तुला ठाऊक आहे.

त्या आठवड्यात तुला ताप भरला होता. तो झोपला असताना अव्वा त्याला न विचारता तुला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्याबद्दल तिचं जेवण बंद झालं. तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला आणि अव्वा मोरीपाशी चक्कर येऊन बसली. अक्कानं डबा उघडला, पीठ काढलं, दोन भाकरी थापल्या आणि अव्वाला भरवल्या. अक्का सतरा वर्षांची होती, मी अकरा. मला म्हणाली, “दाना, पीठ सारखं कर आणि हात उमटव. मी तवा घासते.”

मी पीठ सारखं केलं. माझा हात लहान, तो मोठा दिसावा म्हणून बोटं फाकवली आणि सगळा जोर लावून दाबला. छान उमटला. मला स्वतःचं कौतुक वाटलं, हे आजही आठवतं.

सिद्धू, त्याच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक मागात गेलं होतं. साडेचार बोटांचा पंजा होता तो. मी पाचही बोटं उमटवली. त्या हाताकडे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तो जवळ आला की माझे डोळे मिटायचे.

त्या दिवशी लाईट गेली म्हणून तो दुपारीच जेवायला आला. डबा उघडला. बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, “ह्यो कुणाचा हात?”

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, “माझा हाय.”

तो तिला केसांना धरून जिन्यावर घेऊन गेला. वरून ढकललं. ती खाली पडली तेव्हा शुद्धीवर होती, माझ्याकडे बघत होती. त्यानं हात धुतले, बाहेरून कडी घातली आणि कारखान्यात निघून गेला. दोन तास अव्वा खिडकीतून ओरडत होती. शेवटी फुलाबाईनं वरवंट्यानं कडी तोडली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर वाचली असती.

कोर्टाच्या आधी काका आणि सगळे पाहुणे अव्वाला पढवायला बसायचे. ‘पाय घसरला’ एवढंच म्हण, पोरांकडे बघ, असं. तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं सगळं, मराठीत. कोर्टात उभी राहिल्यावर ती कानडीत बोलली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, डब्यापासून कडीपर्यंत. दुभाष्या शोधायला वेळ लागला तर ती तशीच उभी राहिली. नंतर मी विचारलं, कानडीत का गं? म्हणाली, “खोटं मराठीत शिकिवल्यालं होतं. गडबडीत तेच आलं असतं तोंडात.” माझी अव्वा कधी शाळेत गेली नाही, सिद्धू. असा साक्षीदार तुझ्या काकांच्या सात पिढ्यांत झाला नसेल. पाहुण्यांनी आमच्याशी बोलणं सोडलं, तुला नेलं, आणि तिनं दुसऱ्या महिन्यात त्याच घरात चूल मांडून भाकरी विकायला सुरुवात केली.

मीही साक्ष दिली. तो समोर होता, मी मान खाली घातली नाही. पण हात कुणाचा होता, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कुणालाच नाही, सतरा वर्षं. मला वाटायचं, बोट एक कमी उमटलं असतं तर अक्का आज चौतीस वर्षांची, दोन पोरांची आई, माझ्याशी भांडत असती. मंगळवारी तुझं पत्र वाचून दाखवताना ‘अप्पांना पश्चात्ताप झालाय’ या ओळीवर मला पुढे वाचता येईना. अव्वा पीठ मळत होती. मी सगळं सांगून टाकलं.

तिनं मळणं थांबवलं नाही. “मला ठाऊक हाय,” म्हणाली.

“कधीपासून?”

“तवापासनं. डबा मीच आवरला की. एवढासा हात. रुद्राणीची बोटं लांब होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबले. बोलंनास, म्हणून छाप घेतला.”

चार वर्षांपूर्वी पाकिटावर चित्र काय घालायचं, यावर आमचा वाद चालला होता. अव्वानं कुंकू कालवलं, माझा उजवा हात धरून कागदावर दाबला आणि हेच घालायचं म्हणाली. मला वाटलं, हौस. सिद्धू, तिनं माझा तो हात सगळ्या सोलापुरात फिरवला. दुकानादुकानांत टांगला. आणि वर मंगळवारी म्हणते, “आईला घास मिळावा म्हणून उमटिवलेला हात हाय त्यो. त्यात लपवायचं काय?” मी खूप रडले. मग दोघींनी चहा घेतला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही.

तो सुटला तर सुटू दे, ते कोर्ट आणि सरकार बघेल. या घरात तो येणार नाही. अव्वा बुधवारी स्वतः चौकीवर गेली आणि तसं लिहून दिलं. अंगठा नाही, सही केली. ‘शांतम्मा’ लिहायला तिला पाच मिनिटं लागली, हवालदार उभा राहिला. तू त्याला सांभाळणार असशील तर तुझी मर्जी. मी अडवणार नाही आणि बोल लावणार नाही. फक्त हे सगळं माहीत असून ठरव. आणि एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव. त्या तापाचं स्वतःला लावून घेऊ नकोस. मी बोटाचं लावून घेतलं होतं, त्यात सतरा वर्षं गेली. ते काम फक्त एका माणसाचं होतं.

घर तेच आहे, जिनाही तोच. पाडावा असं मला वाटायचं, पण अव्वा म्हणाली, त्याच्यावरून बायका चढू देत. रोज अकरा जणी चढतात-उतरतात, मोठ्यानं हसतात. फक्त दाराची बाहेरची कडी आम्ही पुन्हा बसवली नाही. आता आतूनच लागते आणि आतूनच उघडते. येत्या रविवारी ये. तू दार वाजवलंस की अव्वा स्वतः उठून उघडेल, गुडघा काय बोलायचं ते बोलू दे.

सोबत वीस भाकरी पाठवते आहे. सगळ्यात वरची माझी आहे. दही-चटणीबरोबर खा, पण मोडण्याआधी उजेडात धरून बघ आणि बोटं मोज.

अव्वाचा आशीर्वाद आहेच. खालची वाकडीतिकडी सही तिची आहे, हसू नकोस.

पाचही बोटांची,
तुझी दानक्का

शांतम्मा