कोरमला एक जावई कमी

वाकडा खडक,
मंगळवार, २७ सप्टेंबर १९८८

आदरणीय साडूबुवा रेमंड यांस, लीलंडचा नमस्कार.

नेब्रास्कातल्या रुळांवर कसं चाललंय? गुडघा कुरकुरतो का अजून? इकडे अर्लीनताई, मुलं, मेंढ्या आणि तुमचा तो चावरा घोडा, सगळे ठणठणीत. माझंही बरं चाललं होतं, रविवारपर्यंत. रविवारी मी पाण्याच्या पाइपाला विरोध करणारा गावातला एकमेव माणूस ठरलो. अर्लीनताईंनी तिखटमीठ लावून कळवलंच असेल, पण खरं काय झालं ते माझ्याकडून ऐका.

पूर्वेकडच्या नऊ घरांना पाइप मिळायचा तर आपल्या चॅप्टरच्या गावसभेत ठराव व्हायला हवा, आणि कोरमला पंचवीस डोकी हवीत, हे तुम्ही जाणताच. (तुम्ही स्वतः किती सभा बुडवल्यात ते मी काढत नाही.) जुलैत एकवीस जण आले. ऑगस्टमध्ये नेमका त्याच दिवशी घोड्याबैलांचा रोडिओ निघाला, म्हणून नऊच, त्यातले दोघे सभेनंतरच्या रश्श्यासाठी आलेले. शेवटी पाणीवाल्यांचा निरोप आला, शुक्रवारपर्यंत ठराव हातात पडला नाही तर पाइप पलीकडच्या चॅप्टरला जातील. म्हणजे सासूबाईंनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही पिंपात तांब्या बुडवत बसायचं. ती पिंपं बावीस मैलांवरच्या नळावरून दर शनिवारी मी आणतो. लांबून हॉर्न दिला की त्या आत जातात, मी खाली मान घालून पिंपं उतरवतो आणि निघतो. एकोणीस वर्षं झाली, त्यांचं तोंड मी पाहिलेलं नाही. आपल्यात सासू-जावयांनी एकमेकांकडे बघितलं की डोळे जातात, आणि तुम्हाआम्हाला आधीच जाड चष्मे.

तर रविवारी सासूबाई जातीनं सभेला आल्या. त्या आत, म्हणून मी बाहेर पिकअपमध्ये, मटणाच्या वासावर. अध्यक्ष हॅरिसननं डोकी मोजली, चोवीस. पुन्हा मोजली, तरी चोवीसच. मग तो माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "पंचविसावा तूच, चल उतर."

"आत सासूबाई आहेत ना."

"मग डोळे मिटून बस की."

"आणि त्यांच्या डोळ्यांचं काय?"

यावर तो आत गेला आणि माझ्यावर चर्चा सुरू झाली. (मला गाडीत सगळं ऐकू येत होतं.) कुणी म्हणालं, लीलंडनं खिडकीतून हात वर करावा. सेक्रेटरी लोरेटाबाई म्हणाल्या, खिडकीबाहेरचा माणूस हजर धरता येत नाही. मग सासूबाईंना स्वयंपाकघरात बसवायचं ठरू लागलं, तर आक्षेप आला की चौऱ्याहत्तर सालचा रस्तादुरुस्तीचा ठराव तिघांना स्वयंपाकघरात बसवून केला होता आणि तो रस्ता अजून तसाच आहे.

तेवढ्यात चेस्टरबुवा उठले. आता बुवा उठले म्हणजे आधी आईचं कूळ, मग बापाचं, मग दोन्ही आजोबांची. मग अठ्ठावन्न साली या इमारतीचे दगड कुणाच्या गाडीतून आले, कुणाचं बोट चेचलं, सगळं यथासांग. चाळीस मिनिटांनी ते मुद्द्यावर आले. म्हणाले, "अरे, तेव्हा अख्खं गाव एकमेकांचे सासू-जावई होतं. मध्ये ब्लँकेट टांगल्याशिवाय आम्ही एक ठराव केला नाही. उगाच का दोन दारं ठेवली?" तीस वर्षं आम्ही समजत होतो, दुसरं दार वाऱ्यासाठी आहे.

मग दोरी आली, दोन ब्लँकेटं आली. सासूबाई शेगडीकडच्या बाजूला, मी मागच्या दारानं येऊन झाडू आणि मोडक्या खुर्च्यांमध्ये. दोन्हीकडचं दिसावं म्हणून लोरेटाबाई ब्लँकेटाच्या टोकाशी वही घेऊन उभ्या. कोरम झाला. आता मत घेणार, तोच सासूबाईंनी बोलायला परवानगी मागितली.

"मला पिंपाची सवय आहे," त्या म्हणाल्या. "पण पलीकडे जो माणूस आहे, त्याला मी बघत नसले तरी ऐकते. पिंप उतरवताना तो कण्हतो. एकोणीस वर्षांत एक शनिवार त्यानं चुकवला नाही, बर्फातसुद्धा. माझ्यासाठी नको, त्याच्या पाठीसाठी द्या पाइप."

साडूबुवा, माझ्याबद्दल त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच काही ऐकत होतो. मला रडूच कोसळलं. चष्मा काढला, रुमाल सापडेना, म्हणून ब्लँकेटालाच डोळे पुसले. (ते हॅरिसनच्या बायकोचं, लग्नातलं निघालं.) या गडबडीत "बाजूनं कोण?" हे मी ऐकलंच नाही. भानावर येऊन घाईघाईनं हात वर केला, तोवर लोरेटाबाई "विरोधात कोण?"वर पोचल्या होत्या. बाजूनं चोवीस, विरोधात एक. माझं नाव त्यांनी खणखणीत वाचलं. मी पुष्कळ विनवण्या केल्या, पण पुन्हा मत घ्यायचं तर पुन्हा कोरम लागतो, आणि चेस्टरबुवा बोलून दमले म्हणून मत देऊन लगेच घरी गेले होते. आमची व्हर्ना तेव्हापासून माझ्याशी भांड्यांच्या आवाजातून बोलते. म्हणेना का काही, ठराव काल पाणीवाल्यांच्या हातात पडला. वसंतात सासूबाईंच्या घरात नळ असेल. मला फार बरं वाटतंय.

तुमचा पाइपविरोधी साडू,
लीलंड

ता. क. पाइप रस्त्यापर्यंतच येणार आहे, पुढचा चर ज्याचा त्यानं खणायचा. सासूबाईंच्या दारापर्यंत सहाशे फूट भरतात. विरोध केल्याबद्दल तो मी अंगावर घेतलाय. ऑक्टोबरात याल तेव्हा तुमचं रेल्वेचं फावडं घेऊन या. पत्र लिहिलं ते खरं तर यासाठीच. त्या तुमच्याही सासूबाई आहेत.

आणखी ता. क. माझी पाठ कधीच दुखत नव्हती. लोकर कातरायला बोलावू नये म्हणून व्हर्नाला तसं सांगत आलो, आणि व्हर्ना माहेरी सगळं सांगते म्हणून तिथेही कण्हत आलो. हे अर्लीनताईंना कळू देऊ नका.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात व्हर्ना आईचा निरोप घेऊन आली, तीन दिवसांत पहिल्यांदा तोंडानं बोलली. सासूबाई म्हणतात, नळाचं पाणी धुण्याभांड्याला होईल. कॉफीला मात्र पिंपातलंच लागेल, तेव्हा त्याला म्हणावं, शनिवार सोडायचा नाही.