सहा ताटांचं आवतन

१८ नोव्हेंबर

आली एकदाची धरणगावला. स्टँडवर रोनकशेठ स्वतः गाडी घेऊन उभा. सव्वीस-सत्तावीसचं पोरगं. मागं बसली आणि बोलली, हळू चालव रे भाऊ, नवरा गेलेली बाई मागं बसवून पाडलीस तर गावभर भलतंच होईल. कानापर्यंत लाल झाला बिचारा.

घर मारवाडी जैनांचं. माणसं तीनच. राजकुंवर भाभी म्हणजे सासू, रोनक त्यांचा मुलगा, प्रियल सून. स्वयंपाक माझ्याकडे, आणि मला सगळे अक्का म्हणतात. कांदा-लसूण बंद, आणि जेवणं सूर्य बुडायच्या आत. मी विचारलं, मग शेवभाजीत घालू काय, देवाचं नाव? भाभींना हसू आवरेना. संध्याकाळी सहाला बाई मोकळी! आमच्या भडगावकडे तेव्हा कुठं चूल पेटते.

ही वही प्रियलने दिली. दुकानाची मागच्या वर्षीची डायरी, त्यामुळे छापलेले वार सगळे चुकीचे. चालतंय. सातवी पास आहे मी, वार माझे मला कळतात.

१९ नोव्हेंबर

सूनबाईचं वेड पाहिलं. भिंतभर कपाट आणि त्यात जुनी भांडी. तांब्याचे गडवे, पितळी डबे, चिनी मातीच्या फुलाफुलांच्या बशा, काचेचे जाड पेले. माहेरी आईने बठ्ठं, सगळं पितळ मोडीत घालून स्टील घेतलं, ते हिच्या मनाला लागलेलं. तेव्हापासून गोळा करतेय. आणि नुसती मांडून नाही ठेवत, रोज जेवायला काढते.

एक पातेलं उचललं तर आतून पिवळं. मी बोलली, कल्हई उडाली आहे, यात कढी कळकेल आणि तिसऱ्या महिन्याची बाई ती पिणार. हिने डोळेच मोठे केले. अजून कोणाला सांगितलं नव्हतं म्हणे. मी म्हटलं, चालीवरून कळतं गं, मी काय आंधळी आहे?

२१ नोव्हेंबर

धुळ्याच्या मोडवाल्याकडून रोनकने काशाची सहा ताटं आणली. काळीठिक्कर. चिंच आणि राखेने घासली तेव्हा सोन्यासारखी निघाली, आणि काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली नावं दिसली. कै. जीवराम. कै. झिपरू. रुपचंद. नवल. शालिग्राम. आणि एक कौतिकबाई. सगळ्यांपुढे ‘यांचे स्मरणार्थ’.

मी प्रियलला सांगितलं, ही गंधमुक्तीला वाटलेली ताटं. माणूस गेला की नातेवाइकांना द्यायची. पुढे नातवांनी मोडीत घातली असणार. ती हळहळली. म्हणाली, बिचाऱ्यांना कोणी आठवतही नसेल.

दुपारी टेबलावर सहाही मांडली. जेवणारे तीन, पण मोबाइलवर टाकायला तिला भरलेलं टेबल पाहिजे. मला चेव आला. वरणाची पळी हातात घेऊन एकेका ताटापुढे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात आवतन दिलं. जेवाले या हो जीवराम आबा. जेवाले या झिपरू नाना. कौतिक अक्का, लाजू नका, या. सहाही नावं घेतली. प्रियल पोट धरून हसली. भाभी मात्र मला म्हणाल्या, अक्का, अशी चेष्टा करू नये.

२४ नोव्हेंबर

प्रियल रोज सहाही मांडायला लावते. आज रिकाम्या तीन ताटांत बोटं ओढल्याच्या खुणा. चार चार बोटं, वरण पुसून खाल्ल्यासारखी. ही ताटं धुऊन कोरडी मांडली होती मी. रोनकला म्हटलं, शेठ, बायकोला हसवायला एवढी मेहनत? त्याने आईची शपथ घेतली.

शपथ घेतो म्हणजे त्यानेच केलं.

२६ नोव्हेंबर

रोनक दोन दिवस जळगावला आहे. खुणा आहेत.

२८ नोव्हेंबर

तिघांच्या मापाच्या दुप्पट कणीक मळते, तरी पुरत नाही. सगळे खातात आणि ताटावरून उठताना भुकेले. भाजीची चव घेऊन पाहिली. पातेल्यात छान. ताटात वाढली की नुसता चोथा. मीठ नाही, तिखट नाही. आपण खायच्या आधी कोणीतरी खाऊन ठेवल्यासारखी.

प्रियलच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मी चिडवलं, रोनकशेठ उपाशी ठेवतो का गं तुला. ती हसली नाही.

३० नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वजन चार किलोने उतरलं, असंच राहिलं तर बाळ टिकणार नाही. भाभी देव्हाऱ्यापुढे बसून राहिल्या. मी काय केलं ते मला कळलंय. भाभींना सांगायला तोंड उघडलं आणि मिठाचा डबा मागितला.

वर्षानुवर्षं ज्यांना कोणी जेवायला बोलावलं नाही, त्यांना मी नाव घेऊन बोलावलं. आले ते.

१ डिसेंबर

ताटं गोणीत बांधली. रोनकला म्हटलं, शेठ, हे कासं बरं नाही, पोटाला बाधतंय. तो धुळ्याला जाऊन देऊन आला. प्रियल रडली. रडू दे. स्टीलच्या तीन ताटल्या काढल्या.

२ डिसेंबर

दुपारी बारा. वरणाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. घट्ट वरणावर बोटांच्या ओळी. सहा ठिकाणी.

ताटांचं काही नव्हतंच. आवतन माझं होतं.

३ डिसेंबर

हात जोडून म्हटलं, झालं जेवण, आता उठा. परत जा.

खुर्ची सरकली. एक नाही, सहा. उठायला नाही — पुढे. टेबलाजवळ.

एक म्हातारा आवाज, अगदी आमच्या गावाकडचा. म्हणे पोट नही भरनं. मग बाईचा. आखो एक नाव ले. अजून एक नाव घे म्हणते.

बाहेर ऊन. भाभी पापड वाळवत होत्या. त्यांना काही ऐकू आलं नाही.

४ डिसेंबर

त्यांचं नाव घेतलं. माझ्या मालकांचं. बारा वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने. म्हटलं, सातवा घ्या आणि प्रियलला सोडा.

म्हणाले, तो येत नही. त्यानं पोट भरेल शे.

मी चुलीपाशी बसून रडली. भरून वाढायची हो मी त्यांना.

५ डिसेंबर

मेलेल्याचं नको म्हणतात. जित्या माणसाचं पाहिजे. घरमानं, म्हणजे या घरातलं.

भाभींचं नाव जिभेवर आलं होतं. खोटं कशाला लिहू. आलं होतं. त्याच वेळी भाभींनी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला, म्हणाल्या, अक्का, तुम्हीही वाळलात.

ओठ चावून धरला. रक्त आलं.

६ डिसेंबर

प्रियल जेवता जेवता थांबली. माझ्याकडे बघून हसली. तिला अहिराणीचा शब्द येत नाही. तिचं माहेर अकोल्याचं —

बोलली, अक्का, तू नाव नही लेवाव तर ऱ्हाऊ दे. जेनं नावच नही, त्याले आम्हीन लई जासूत.

ज्याला नावच नाही, त्याला घेऊन जातील. आणि हात स्वतःच्या पोटावर ठेवला.

मग विचारते, मी काय बोलली? घास हातात तसाच —

७ डिसेंबर

सकाळपासून तिच्या पोटात दुखतंय. रोनक गाडी आणायला गेला. भाभी तिच्याजवळ.

इथे मी. सात ताटल्या मांडल्या. वाढून ठेवलंय. साडेअकरा. उजेड एवढा आहे की डोळे दुखतात —

ते बसले. खुर्च्या वाजल्या.

म्हटलं, घरमानं पाहिजे ना? या घरात खाते, या घरात झोपते. मी पण घरचीच. चालेल?

कौतिक अक्का हसली. हसायची लाज नाही बाईला, अगदी माझ्यासारखी —

आतून प्रियलने हाक मारली. दुखायचं थांबलं म्हणते. अक्का, भूक लागली म्हणते —

देते गं. भाभी देतील. तू इकडे येऊ नको.

सातवी खुर्ची आपोआप मागं सरली. माझ्यासाठी. मी बसली.

ते वाट बघताहेत. लहानपणी आई अंगणातून हाक मारायची तसं, माझं नाव खणखणीत घ्यायचं म्हणे. घेते. जेवाले ये, मन्हं नाव —