आम्ही फक्त कपडे विकतो

४ मार्च, सोमवार

झगा आला! अकरा वाजता आमच्या फोनवरच्या खेळात सगळ्यांना दिसायला लागला. तीन आठवडे घातले त्या एका झग्यावर — वरून निळा, आतून केशरी, योद्धा गर्रकन वळला की मागे लाटेसारखा उघडतो. मास्तर माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "हात लावून बघावासा वाटतो." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूपच! ही कंपनी काढण्याआधी कॉलेजात आम्हाला चित्रकला शिकवायचे, तेव्हा वर्षभर नुसतं "हं" ऐकलंय त्यांच्याकडून.

घरी येऊन बाबांना दाखवला. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून बघितला.

"झकास आहे. घेणार नाही."

"मी देते ना भेट!"

"खेळ फुकट आहे ना? मग मी फुकटच खेळणार."

दोन वर्षं खेळतायत, एक गुंडीसुद्धा विकत घेतलेली नाही. त्यांचा योद्धा अजून पहिल्या दिवशीच्या करड्या सदऱ्यात. तोही मीच काढलेला म्हणा, कंपनीतलं माझं पहिलं काम.

७ मार्च, गुरुवार

चहा घेताना बाबांशी वाद.

"कपड्याने ताकद वाढत नाही, तलवार लांब होत नाही. मग लोक घेतात कशाला?"

"हौस, बाबा. हौसेला मोल नसतं."

"आणि हौस आहे पण ऐपत नाही, त्याने काय करायचं?"

"त्याने खेळायचं! तोच खेळ, तीच तलवार, एक पै न देता. ज्याला परवडतं तो झगा घेतो आणि त्याच्या झग्यावर बाकीचे फुकट खेळतात. यात कुणाचं काय गेलं?"

"तू वकील व्हायला हवी होतीस, ठमे."

पण मला मनापासून पटतं ते. सात वर्षांपूर्वी आम्ही चौघं होतो, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत. तेव्हा सगळे म्हणत, मोठी तलवार विका, पैसा ओढाल. मास्तरांनी खडूने भिंतीवर लिहिलं — कपडे विकू, जिंकणं विकणार नाही. त्या ओळीखाली बसून मी काम केलंय. आता चाळीस जण आहोत, सगळ्यांचं घर कपड्यांवर चालतं. त्याची लाज कधी वाटली नाही.

११ मार्च, सोमवार

बाबा हरतायत. म्हणजे हरायचे आधीही, पण दहात चार-पाच जिंकायचे. आठवड्याभरात जेमतेम दोन जिंकलेत. "तुझ्या निळ्या झग्यावाल्यांनीच बडवलं," म्हणाले. हसत म्हणाले, पण फोन उपडा ठेवला.

त्यांच्यासाठी हा नुसता खेळ नाही. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. व्यायामवाल्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो चार दिवसांत पलंगाखाली. तीस वर्षं लेथवर केसाएवढं माप सांभाळलेला माणूस — चेंडू काय दाबतोय! मग मी हा खेळ लावून दिला. अंगठ्याने योद्धा हलवायचा, बोटाने वार करायचा. पहिल्या महिन्यात एकही जिंकले नाहीत. पुढे बोटं सुटत गेली. पहिल्यांदा सलग तीन जिंकले त्या दिवशी स्वतःच्या हाताने दाढी केली.

१४ मार्च, गुरुवार

आज सातच्या सात हरले. जेवताना फोन आतल्या खोलीत ठेवून आले.

१९ मार्च, मंगळवार

मास्तरांनी बोलावलं. "फुकटचा सदरा फार देखणा झालाय. जरा मळव."

मला वाटलं थट्टा. "मळव म्हणजे?"

"रंग उतरव. कडा विसकटव. नवा झगा शेजारी उभा राहिला की फरक कळायला हवा."

"म्हणजे फुकट खेळणाऱ्याला लाज वाटायला हवी?"

"अगं, धंदा आहे." मग आवाज खाली आणून, "माझ्यासाठी कर."

केलं. स्वतःच्या पहिल्या कामावर स्वतःच चिखल फासला. झगा सुंदर करणं वेगळं आणि सदरा मुद्दाम भिकार करणं वेगळं — हे मला कळत होतं. तरी केलं. मास्तरांना नाही म्हणायची सवयच नाही मला.

२२ मार्च, शुक्रवार

बाबांच्या लगेच लक्षात आलं. "माझ्या माणसाचे कपडे कुणी धूत नाही का गं हल्ली?"

हसवेना.

मग उजवा हात पुढे करून म्हणाले, "ठमे, हात परत चाललाय बहुतेक. बोट सांगतो तिथे जातं, पण उशिरा. सगळे माझ्या आधी वार करतात."

डॉक्टरांची वेळ घेतली. २८ तारीख मिळाली.

२६ मार्च, मंगळवार

लिहिताना दोनदा कागद फाटला. रागाने.

आमच्याकडे एक आकडेवाली आहे. कोण किती खेळतं, कधी सोडतं, काय घेतं याचा हिशेब ठेवते. दुपारी जिन्यात भेटली. सदऱ्याबद्दल कुरकुर केली तिच्याकडे, तर म्हणाली, "सदऱ्याचं काय घेऊन बसलीस! जोड्यांचं माहीतच असेल तुला."

"कसल्या जोड्या?"

तिचा चेहरा उतरला. मग सांगितलं. खेळात समोर कोण येणार हे यंत्रणा ठरवते. आपल्या तोडीचा यावा, असा नियम. तो फेब्रुवारीच्या शेवटी बदललाय. जो काही विकत घेत नाही, त्याच्यासमोर मुद्दाम वरचढ खेळाडू आणतात, तोही नवा झगा घातलेला. सलग हरला की लगेच दुकान उघडतं. झगा घेतला की पुढचे काही डाव सोपे येतात — म्हणजे त्याला वाटावं, झगा लाभला!

"सगळ्यांना?"

"अजून निम्म्याच लोकांवर करून बघतायत."

पुढचं मी ऐकलंच नाही. फेब्रुवारीची अखेर! बाबा हरायला लागले ते त्यानंतरच. निळे झगेवाले. सगळ्यांचं बोट आधी. सगळं जुळलं.

एक म्हातारा माणूस महिनाभर आपल्या हाताकडे बघत बसलाय — आणि ते माझ्याच कंपनीने केलं. माझाच झगा घालून.

२७ मार्च, बुधवार

सकाळी थेट मास्तरांच्या खोलीत.

"सर, जोड्यांचं खरं आहे?"

नाकारतील असं वाटलं होतं. देवाशपथ, नाकारलं असतं तर मी विश्वास ठेवला असता. पण म्हणाले, "बस."

"उभी आहे ते बरं आहे."

"मागच्या वर्षी पगार कसे भागवले ते तुला ठाऊक नाही."

"मग सांगायचं होतंत! पगार अर्धा घेतला असता. पण हे सांगायचं होतंत."

"तुला सांगितलं असतं तर झगा इतका सुंदर झाला नसता."

शांतपणे म्हणाले. जसं काही कौतुकच करतायत.

"भिंतीवर काय लिहिलं होतंत, आठवतं?"

"आठवतं. त्या शब्दाला मी अजून जागतोय. जिंकणं आपण विकत नाही."

"आणि हरणं?"

पेनाचं टोपण काढलं, लावलं. "हरणं फुकट आहे."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते आज कळलं. कळतं ते कापून झाल्यावर. सात वर्षं मी जगाला पटवत राहिले — घरी, पाहुण्यांत, कॉलेजच्या मुलांसमोर — की आम्ही फक्त कपडे विकतो. आणि मी मात्र गळाला लावायची अळी रंगवत होते.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. आधी कळलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं. मग एकदम हसले — कितीतरी दिवसांनी!

"म्हणजे मापच खोटं होतं तर!"

"हो बाबा."

"आणि हात?"

"हात ठणठणीत आहे!"

मूठ वळली, उघडली. परत वळली. डोळे भरून आले त्यांचे. "मला वाटलं, संपलं सगळं."

"उद्याचं डॉक्टरांचं—"

"कशाला उगाच सुया टोचून घ्यायच्या?" म्हणाले, आणि मलाही तेच वाटलं. लगेच फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, पुढची तारीख देऊ का. म्हटलं, गरज नाही.

२९ मार्च, शुक्रवार

राजीनामा दिला. दोन ओळींचा. मास्तरांनी वाचला, घडी घातली. "झगा कंपनीचा आहे, तुला कुठे दाखवता येणार नाही." सात वर्षांनंतर शेवटचं वाक्य हे!

आकडेवालीला म्हटलं, बाबांच्या खात्यातल्या जोड्या काढून दे. मी जाहीर लिहिणार आहे — तारखांसकट. ती घाबरली, पण हो म्हणाली.

घरी येताना विचार करत होते. कपडे विकणंच मुळात चूक होतं का? नाही वाटत. अजूनही नाही. माणूस हौसेने देतो तोवर ती त्याची हौस. पण आधी त्याला मळवायचं, हरवायचं, आणि मग तो मागेल म्हणून दुकान उघडून बसायचं — त्याला विक्री म्हणत नाहीत. फक्त ही दोन कामं एकाच दुकानात, एकाच माणसाकडून होतात. आणि सीमा कधी ओलांडली ते आत बसलेल्याला दिसत नाही. मला तर सदरा मळवतानासुद्धा दिसली नाही. दिसली, पण मान वळवली.

१ एप्रिल, सोमवार

बाबा खूश आहेत. शेजारच्या काकांना सगळी कथा तिखटमीठ लावून सांगितली. "माझी पोरगी नोकरीवर लाथ मारून आली!"

शर्टाचं वरचं बटण लागेना त्यांना. मी लावून दिलं. काजच बारीक आहे त्या शर्टाचं.

३ एप्रिल, बुधवार

लेखाची पहिली दोन पानं झाली. सुरुवात बाबांच्या हातापासून केलीय. वाचून दाखवलं. ऐकता ऐकता खुर्चीतच डोळा लागला त्यांचा.

५ एप्रिल, शुक्रवार

आकडेवालीचा फोन आला. बाबांचं खातं त्या निम्म्यांत नाही. कधीच नव्हतं. त्यांच्यासमोर आलेला प्रत्येक जण त्यांच्याच तोडीचा होता. "मी दोनदा तपासलं गं," म्हणत होती. लगेच दवाखान्यात फोन केला; आत्ताच घेऊन या म्हणाले.

बाबा बाहेर चपला घालायला बसलेत. उजव्या पायात चप्पल सरकत नाहीये. विचारतायत, एवढ्या घाईने कुठे निघालोय आपण.