परदेशी कर्णधार

लॅमॉन्टदादा,

काल फोनवर तू म्हणालास, "कॉलेजात बास्केटबॉलचा नावाजलेला खेळाडू होतास. लिथुआनियात तुला कुत्रं तरी ओळखतं का? घरी ये, शाळेत प्रशिक्षकाची जागा धरून ठेवलीय."

ऐक. इथला संघ अमेरिकनाला कर्णधार करत नाही, कारण हंगाम संपला की आम्ही बॅगा भरतो. आज खेळाडूंनी मतं देऊन मला निवडलं. संघातला गिंटारस म्हणाला, "हुरळू नकोस, म्हाताऱ्या. कर्णधार पळाला तर त्याची अब्रू जाते, म्हणून तुला बांधून ठेवतोय."

मायदेशातल्या एकाही संघानं माझ्यासारख्या बुटक्याला घेतलं नाही. माझं घर कुठं, हे आता मी ठरवणार.

तू हे आईला दाखवशील, ती वाचून रडेल आणि मी विरघळेन, म्हणून पत्र पाठवत नाही. शाळेला मात्र नकार कळवून टाकलाय.

तुझा हट्टी भाऊ,
आयझेया