सतरा पानांची थाप

दि. ९, सोमवार

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो जुना तक्रारखोर, त्याचं कुणी मनावर घेत नाही. शनिवारी तुला फोन केला आणि ‘कशी आहेस’च्या पुढे गेलोच नाही, म्हणून हे पत्र. शेजारच्या बाई उद्या तुझ्या गावी येताहेत, त्यांच्या हाती देतो.

तुझ्या आईचा मनीप्लांट गेला. मीच मारला. ती अंथरुणाला खिळली आणि बाहेरच्या खोलीतलं त्याचं सगळं माझ्याकडे आलं. दोन पेरं बोट मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी, हे तिने शंभरदा बजावलेलं. पण मी आपल्या तिच्या औषधाच्या वेळा त्यालाही लावल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तिला गोळी, त्याला पेलाभर पाणी, वर शाळेतली एखादी कविता. मुळं कुजली. काथ्या गुंडाळलेली काठी तेवढी उभी आहे.

तिला सांगितलं नाही. “आज काय म्हणतोय?” ती आतून विचारते. “नवं पान. गुंडाळी अर्धी सुटलीय.” पहिलं पान सुचलं, मग सुचतच गेली. परवापर्यंत सतरा झाली.

“तुमच्या हातून? का कवितेतच वाढतोय?” म्हणाली आणि हसली. मग खोकला आला, तो बराच वेळ थांबेना.

काल म्हणाली, “मला खुर्चीत बसवून बाहेर न्या. एकदा बघते.” मला वाटलं, डॉक्टर नको म्हणतील, सुटलो. तर ते म्हणाले, “न्या की. आता त्यांना हवं ते करू द्या.” कागदावर पुढच्या भेटीची तारीख लिहिली नाही त्यांनी. मी दोनदा उलटून पाहिला.

तुझ्या लग्नावरून ती तुला जे बोलली, ते मी ऐकलं होतं. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. तेव्हा एक शब्द बोललो असतो तर ही दोन वर्षं अशी गेली नसती. जाताना तू वेलीचा तुकडा कापून नेलास, त्यावरही ती कडाडली. पण दर आठवड्याला विचारते, “ठकीकडचा तुकडा लागला असेल का हो?” तुझं नाव ती एवढ्याच निमित्ताने घेते.

तर तुझ्याकडची वेल घेऊन ये, काठीला बांधू, असं लिहायला बसलो होतो. पानं कमी भरली तर काहीतरी सांगितलं असतं. थापांवर हात बसलाय माझा.

राहू दे ती वेल. आज तिला खरं सांगून टाकतो, काय बोलायचं ते बोलेल. तू ये. मिळेल त्या गाडीने ये. ती काही बोलली नाही तरी जवळ बस, आणि या खेपेला मी गप्प बसणार नाही.

सांगायला उशीर केलेला,
तुझा बाबा